नव्वदावी ओळ

विशेष शिक्षणात आणि पुनर्वसनात काम करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावर व्हीएसएमएसची, म्हणजे व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केलची, पुस्तिका असते. एडगर डॉल यांनी सामाजिक परिपक्वतेची ही श्रेणी १९३५ मध्ये अमेरिकेतल्या व्हाइनलँडच्या प्रशिक्षण शाळेत तयार केली. भारतीय मुलांसाठी तिचं रूपांतर ए. जे. मालिन यांनी केलं, तेही नागपुरात. मानसतज्ज्ञ आजही तिला ‘नागपूर रूपांतर’ म्हणूनच ओळखतात. मुलाच्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर जो टक्का चढतो, त्यामागची मोजपट्टी अशी आपल्या विदर्भात घडलेली आहे. तिच्यात ८९ ओळी आहेत. हाताने जेवतो का, कपडे स्वतः घालतो का, सांगितलेलं काम करतो का, गावात मोकळेपणी फिरतो का, असं विचारत ती एकेक पायरी चढते आणि पंधराव्या वर्षापाशी थांबते.

हा त्या श्रेणीचा दोष नव्हे. बालपण मोजायलाच ती केलेली आहे. पण मोजपट्टी संपते तिथेच आपलंही नियोजन संपतं, ही या अंकाची चिंता आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यांच्या फायली काढा आणि ‘दीर्घकालीन उद्दिष्ट’ हा रकाना वाचा. पूर्व-व्यावसायिक कौशल्यं, घरकामात मदत, पुढे कार्यशाळा. यातलं काहीही कमी मोलाचं नाही. मात्र ‘महाविद्यालय’ हा शब्द त्या रकान्यात क्वचितच सापडतो. कॉलेजने दार बंद केलं, अशी तक्रार आपण करतो. त्या दारापर्यंतची वाट मात्र तीन-चार वर्षं आधी आपल्याच अक्षरात संपलेली असते.

ही वाट गावातून कशी दिसते, ते पाहू. भंडाऱ्याहून पवनीकडे जाताना अड्याळ लागतं. समजा, तिथली एक सतरा वर्षांची मुलगी आहे. सौम्य बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र तिच्याकडे आहे. गट साधन केंद्राच्या विशेष शिक्षकांच्या मदतीने ती गावच्याच शाळेत दहावीपर्यंत पोहोचली. बसवरची पाटी ती वाचते, शंभराच्या नोटेचा हिशेब जमतो, ओळखीच्या माणसाशी नीट बोलते. जून उजाडतो. वर्गातल्या मैत्रिणी पास काढून पवनीला, भंडाऱ्याला कॉलेजात जाऊ लागतात. इकडे बांध्यांत पाणी साचतं, रोवणी सुरू होते, आणि ही घरी राहते. तिची आई विचारते, “सर, आता हिचं पुढं काय जी?” हा प्रश्न आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे, आणि बहुतेक वेळा त्यावर आपण गप्प राहिलेलो आहोत.

कायद्याकडे मात्र या आईसाठी उत्तर आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३२ नुसार सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांनी लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवायच्या आहेत, आणि वयाच्या कमाल मर्यादेत ५ वर्षांची सूट द्यायची आहे. लक्षणीय म्हणजे किमान ४० टक्के. २०१८ च्या मूल्यमापन सूचनांनी सौम्य बौद्धिक दिव्यांगत्वाला ५० टक्के आणि मध्यमला ७५ टक्के ठरवून दिले. याचा अर्थ असा की अड्याळची ही मुलगी, सौम्य गटात असूनही, ४० टक्क्यांची रेषा ओलांडून कलम ३२ च्या आत उभी आहे. राखीव जागा दृष्टिबाधित आणि अस्थिव्यंग विद्यार्थ्यांपुरत्याच, असा समज आपल्या क्षेत्रातही आहे. तो चुकीचा आहे. कलम १७ तर अभ्यासक्रमात आणि परीक्षा पद्धतीत योग्य बदल करायला सांगतं.

प्रत्यक्षात काय होतं? अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये देशातल्या सुमारे ४ कोटी १४ लाख विद्यार्थ्यांपैकी सर्व प्रकारचे दिव्यांग विद्यार्थी मिळून सुमारे ७९ हजार होते. राखीव जागा शंभरात पाच, आणि प्रत्यक्षातले विद्यार्थी हजारात दोनसुद्धा नाहीत. दुसरीकडे २०११ च्या जनगणनेने देशात बौद्धिक दिव्यांग म्हणून मोजलेली माणसं १५ लाख होती.

आता खरी अडचण. पदवीच्या प्रवेशाला बारावी लागते, आणि आपल्या अनेक विद्यार्थ्यांची बारावी होत नाही. त्यामुळे एका दाराचा आग्रह धरून भागणार नाही. दोन दारं हवीत.

पहिलं दार बारावीतून जाणारं. राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि विषयांच्या सवलती मिळतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत एकदा नाव घातलं की पाच वर्षांच्या मुदतीत एक-एक, दोन-दोन विषय करत परीक्षा पूर्ण करता येते. सौम्य गटातल्या ज्या मुलांना आपण आठवीनंतर ‘आता पुरे’ म्हणतो, त्यांतल्या काहींना फक्त वेळ हवा असतो. पुढे नव्या शैक्षणिक धोरणाच्या श्रेयांक पद्धतीत पहिलं वर्ष पूर्ण करणाऱ्याला प्रमाणपत्र आणि दुसरं करणाऱ्याला पदविका घेऊन थांबता येतं. तीन वर्षं झेपली नाहीत म्हणून सगळं वाया गेलं, असं आता होत नाही. आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या तरतुदीचा विचार आपण पुरेसा केलेला नाही.

दुसरं दार बारावी नसलेल्यांसाठी. जगात ते उघडून काळ लोटला. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९८७ पासून बौद्धिक दिव्यांग तरुण नेहमीच्या वर्गांत बसतात. उद्दिष्टं त्यांच्या आवाक्यानुसार बदललेली असतात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांच्यासाठी दोन वर्षांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. अमेरिकेने २००८ च्या उच्च शिक्षण कायद्यात पदवी न घेणाऱ्या अशा विद्यार्थ्यांनाही सरकारी अर्थसाहाय्य खुलं केलं, आणि तिथे आज असे तीनशेहून अधिक कार्यक्रम चालतात. आपल्याकडे मुंबईत सोफिया महाविद्यालयाच्या आवारातच एस. पी. जे. साधना ही विशेष शाळा आहे. महाविद्यालयाचं आवार आणि आपली मुलं यांत मुळात वैर नाही, हे तिथे दिसतं. विद्यापीठांच्या आजीवन अध्ययन विभागांना छोटे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आखता येतात. प्रस्ताव द्यायला मात्र कुणीतरी जावं लागेल, आणि तो आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही.

प्राध्यापक विचारतील, पदवीचा दर्जा घसरणार नाही का? पदवीच्या अटींना आपण हात लावायला सांगत नाही. वर्गात बसायला, ग्रंथालयात जायला, आपल्या कुवतीएवढं शिकून त्याचं खरं प्रमाणपत्र मिळवायला जागा मागतो आहोत. पालक विचारतील, शेवटी उपयोग काय? २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के राखीव जागांत बौद्धिक दिव्यांगांचा समावेश असलेल्या गटाला प्रथमच स्थान दिलं. १९९५ च्या कायद्यात ते नव्हतं. पण नोकरी हे एकमेव उत्तर नाही. अठरा ते बावीस या वयात माणूस घराबाहेरची नाती जोडतो, स्वतःची मतं बनवतो, चुकतो आणि सावरतो. ही चार वर्षं घराच्या ओसरीवर गेली, तर शाळेत कमावलेलंही हळूहळू विरतं. भाषा आटते, आत्मविश्वास आटतो. पुनर्वसनात काम करणाऱ्या कुणालाही हे पुराव्याने पटवायची गरज नाही. आपण ते घरोघरी पाहिलेलं आहे.

मग करायचं काय? प्रत्येक विद्यार्थ्याच्या आराखड्यात चौदाव्या वर्षी ‘अठरानंतर’ असं एक पान घाला, आणि ते भरताना त्या मुलाला शेजारी बसवा. काय आवडतं, कुठे जायचं आहे, कुणासोबत, हे त्याला विचारा. बोलता येत नसेल तर चित्रं समोर ठेवा. दुसरं, प्रवास शिकवा. दिव्यांगांना एसटीच्या साध्या बसमध्ये भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, पण त्या सवलतीचा उपयोग एकट्याने बस धरता येणाऱ्याला. पाटी वाचणं, थांबा ओळखणं, बस चुकली तर काय करायचं, कुणाला फोन करायचा, हा अभ्यासक्रम वर्गात बसून पुरा होत नाही. तो थांब्यावर, पहिल्यांदा सोबत, मग दोन सीट मागे बसून, मग नुसतं पोहोचवायला येऊन शिकवावा लागतो. तिसरं, ‘मला हळू सांगा’, ‘मला कळलं नाही’, ‘मला लिहून द्या’ ही तीन वाक्यं मुलांच्या तोंडी बसवा. महाविद्यालयात आपण सोबत नसू, तेव्हा हीच वाक्यं त्यांच्या कामी येतील.

चौथं काम महाविद्यालयात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्रत्येक स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास सेवा द्यायची असते. त्यांतला एखादा आपल्या विद्यार्थ्याचा सोबती होऊ शकतो, वर्ग दाखवणारा, टिपणं सोप्या भाषेत सांगणारा, कँटीनमध्ये शेजारी बसणारा. कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. समान संधी कक्ष आहे का, विचारा. असेल तर त्यात बौद्धिक दिव्यांगत्वाची बाजू मांडणारं कोण आहे, तेही विचारा. एका तालुक्यात एक महाविद्यालय आणि एक विद्यार्थी, एवढ्यावर सुरुवात होते. पहिल्या विद्यार्थ्यासाठी जी वाट मोकळी होईल, तिच्यावरून दुसरा सहज येईल.

एक विनंती पालकांशी बोलण्याबाबतही. अठरा पूर्ण होताच कायदेशीर पालकत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे धावण्याची सवय आपल्याकडे पडली आहे. कुठे ती गरज खरी असते. पण त्या अर्जासोबत त्या तरुणाच्या स्वतःच्या निर्णयांचंही एक पान तयार होऊ द्या. कॉलेजात जायचं की नाही, हा त्या पानावरचा पहिला प्रश्न असावा.

व्हीएसएमएसच्या ८९ ओळी आपल्याला पाठ आहेत. अड्याळच्या त्या मुलीच्या फायलीत या जूनमध्ये नव्वदावी ओळ आपल्या हाताने लिहा: एसटीने एकटी कॉलेजात जाते आणि संध्याकाळी घरी येते. तिच्यापुढचा रकाना आज कोरा असेल. तो भरेपर्यंत तिच्यासोबत थांब्यावर उभं राहणं, हे आपलं काम आहे.