चुलवाणाला झडप हवीच

दिवाळी सरली की बेळगाव-निपाणी भागात गुऱ्हाळे पेटतात. नाताळात घरी आलेली मुले गरम काकवी चाखायला काहिलीभोवती जमतात. त्याच काहिलीखाली, चुलवाणाच्या तोंडाशी, एक गडी दिवसभर धूर खात चिपाड आणि लाकूड आत सारत असतो. त्याच्याकडे आणि त्या जाळाकडे आपण कितीसे लक्ष देतो?

शेतकरी बंधुभगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळांची चुलवाणे वाडवडिलांच्या वेळची आहेत. ती मोडून नवी बांधा, असे आम्ही म्हणत नाही. लाकडाची आणखी एक गाडी विकत घेण्याआधी जुन्या चुलवाणातील हवा ताब्यात घ्या, एवढेच आमचे सांगणे आहे.

हिशेब साधा आहे. एक टन रसातून साधारण 200 किलो गूळ निघतो. म्हणजे जवळजवळ 800 किलो पाणी वाफ करून उडवावे लागते. जळण खरे त्याच कामासाठी असते. पण एक किलो वाळलेले लाकूड जळायला जेथे 4 ते 5 घनमीटर हवा, फार तर त्याहून थोडी अधिक पुरते, तेथे उघड्या चुलवाणात कितीतरी जास्त हवा घुसते. ही जादा हवा आत तापते आणि ती उष्णता घेऊन धुरांड्यातून निघून जाते. काहिलीला त्याचा काही उपयोग नाही. आपण विकत घेतलेल्या लाकडाने आभाळ तापवतो.

हवा ओढते ते धुरांडे. आतला धूर तापून हलका होतो, वर चढतो आणि खालून हवा खेचतो. धुरांडे 30 फूट उंच असेल आणि धूर 300 अंश सेल्सिअस असेल, तर ही ओढ पाण्याच्या 5 मिलिमीटर उंचीच्या दाबाएवढी असते. पहाटे धुरांडे थंड असते तेव्हा ओढ कमी, दुपारी तापल्यावर जास्त. वाट मात्र दिवसभर तेवढीच उघडी! ही गोष्ट आम्हांला पटत नाही. पाटाच्या पाण्याला आपण दार ठेवतो, मग हवेला का ठेवू नये?

दोन दारे पुरेत. एक खाली, राख पडते त्या तोंडाला, कमी-जास्त उघडता येईल असे. दुसरी झडप धुरांड्याच्या बुडाशी, जाड लोखंडी पत्र्याची, बाहेरून मुठीने सरकवता येणारी. पातळ पत्रा तापून वाकतो आणि अडकतो. गावचा लोहार किंवा वेल्डिंगवाला हे काम करून देईल. त्याआधी काहिलीच्या काठाखालच्या फटी व भिंतीच्या भेगा मातीने लिंपाव्यात, आणि धुरांड्यातील काजळी काढावी. फटी तशाच राहिल्या तर झडपेचा काही उपयोग होणार नाही.

जाळ स्वतःच बोलतो. काळा धूर निघाला, तर हवा कमी आहे किंवा चिपाड ओले आहे. ज्वाळा घोंघावत धुरांड्याकडे पळत असतील, तर ओढ जास्त आहे. मळी काढताना जाळ बेताचा, रस आटताना जोराचा, आणि पाक 118 अंशांच्या आसपास येऊ लागला की पुन्हा कमी हवा. त्या वेळी जाळ आवरला नाही तर गूळ करपून काळपट होतो आणि बाजारात भाव पडतो.

एक सूचना मात्र कोणीही विसरू नये. वरची झडप कधीही पूर्ण बंद होता कामा नये. निदान चौथा हिस्सा वाट उघडी राहील असा अडसर तिला कायमचा जोडून घ्यावा. वाट कोंडली तर विषारी कार्बन मोनॉक्साइड तोंडावाटे बाहेर येतो. त्याला वास नसतो. डोके दुखू लागले, चक्कर आली, मळमळले, तर त्या माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणावे आणि दवाखान्यात न्यावे. हवा कमी करायची झाल्यास आधी खालचे दार लोटावे, वरच्या झडपेला नंतर हात लावावा.

काही जण म्हणतील, "आमचा गडी कुठे झडपा बघत बसणार?" आम्ही उलट विचारतो, त्याला कोणी शिकवले का? आठ दिवस गुळव्याने शेजारी उभे राहून दाखवले, तर तो आपल्यापेक्षा चांगले शिकेल. आणि जळण वाचले, तर त्या बचतीतला काही वाटा त्यालाही मिळावा. ज्याच्या डोळ्यांत धूर जातो, त्याचा त्यावर हक्क आहे.

जळण कमी पडले म्हणून काही गुऱ्हाळांवर जुने टायर जाळतात. तो धूर गड्याच्या छातीत आणि शेजारच्या घरांत शिरतो. चिपाड उन्हात नीट वाळवले आणि हवा आवरली, तर असल्या जळणाची गरजच उरू नये.

चरक सुरू झाल्यावर चुलवाणाला हात लावायला सवड मिळत नाही. म्हणून पाऊस उघडताच लोहाराला बोलवा. गूळ आपला, जळण आपले आणि तोंडाशी बसलेला माणूसही आपलाच आहे.