ढाल आडनावाची नसते

गेल्या दिवाळीत एका जुन्या स्नेह्यांकडे फराळास गेलो असता, त्यांच्या दिवाणखान्यात जेथे पूर्वी आजोबांची तसबीर असे त्या जागी, एक लाकडी फलक टांगलेला दिसला. त्यावर रंगविलेली ढाल, ढालीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह, आणि खाली नागमोडी फितीवर देवनागरीत ‘कुलकर्णी’ ही अक्षरे. परदेशी असलेल्या मुलाने तो मागवून पाठविला होता. “आमच्या घराण्याचे कुलचिन्ह,” असे ते इतक्या ममतेने म्हणाले की, त्या वेळी मला काही बोलवेना. आज बोलतो आहे, कारण असे फलक आता हरेक आडनावाचे विकत मिळू लागले आहेत, आणि ते भिंतीवर चढतात तेव्हा घरातली खरी चिन्हे विस्मृतीत जातात.

ज्या युरोपातून ही ढाल आली, तेथे तिचा अर्थ काय होता हे प्रथम पाहिले पाहिजे. शिरस्त्राणाने चेहरा झाकलेला स्वार रणात, आणि त्याहूनही अधिक द्वंद्वक्रीडेच्या मैदानात, दुरून ओळखू यावा अशा हेतूने बाराव्या शतकात तेथील सरदारांच्या ढालींवर ही चिन्हे स्थिरावली. सोने आणि रुपे हे दोन धातू, आणि तांबडा, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे मुख्य रंग. रंगावर रंग चढवू नये आणि धातूवर धातू ठेवू नये, हा नियम दृष्टीच्या सोयीतून निघालेला आणि म्हणूनच शतकानुशतके टिकलेला. पुढे या चिन्हांस वतनाचे स्वरूप आले. इंग्लंडात 1484 साली तिसऱ्या रिचर्डने सनद देऊन कॉलेज ऑफ आर्म्स हे दप्तर स्थापन केले. 1530 पासून 1688 पर्यंत तेथील अधिकारी परगण्या-परगण्यांतून फिरून, आपल्याकडे इनाम कमिशनने सनदा तपासल्या तशी, प्रत्येकाच्या चिन्हाची शहानिशा करीत. ज्याला हक्क शाबीत करता येत नसे त्याला तो जाहीरपणे सोडावा लागे. त्या दप्तराचा दंडक आजही असा आहे की, चिन्ह एका विवक्षित व्यक्तीस मिळते आणि तिच्या औरस वंशजांकडे, सामान्यतः पुरुषपरंपरेने, जाते. आडनावाला चिन्ह असते ही कल्पना त्या शास्त्राला मान्य नाही.

हा दंडक किती कठोर आहे, याचे एकच उदाहरण देतो. कवी विल्यम शेक्सपिअरचे वडील, स्ट्रॅटफर्डचे हातमोजे करणारे जॉन शेक्सपिअर, एके काळी त्या गावचे प्रमुख होते. त्यांना चिन्ह देण्याचा मसुदा 20 ऑक्टोबर 1596 या तारखेचा आहे. सोनेरी ढाल, तीवर तिरका काळा पट्टा, पट्ट्यावर रुपेरी पात्याचा सोनेरी भाला, आणि वर पंख पसरून भाला धरलेला ससाणा. भाला हलविणारा असा आडनावाचा अर्थ होतो, म्हणून नाव आणि चिन्ह एकमेकांत गुंतविलेले. 1602 साली त्याच दप्तरातील एका अधिकाऱ्याने, नटासारख्या हलक्या माणसांस चिन्हे वाटली गेली, अशी तक्रारही गुदरली. परंतु मला त्या मसुद्याची तारीखच अस्वस्थ करते. विल्यम शेक्सपिअरचा एकुलता एक मुलगा हॅम्नेट, वय वर्षे अकरा, त्याच साली 11 ऑगस्टला मातीआड झाला होता. ज्याच्यासाठी ते चिन्ह पिढीजाद व्हावयाचे, तो वारस ते हाती येण्यापूर्वी सव्वादोन महिने गेला. 1670 साली कवीची नात वारली आणि वंश खुंटला. स्ट्रॅटफर्डच्या चर्चमधील स्मारकावर ती ढाल आजही आहे, पण ती धारण करण्याचा अधिकार असलेला कवीचा कोणी वंशज पृथ्वीवर नाही. शेक्सपिअर आडनावाची इतर घराणी तेव्हाही होती. त्यांचा त्या भाल्यावर कवडीचाही हक्क नाही.

नावाशी जुळणारे असे चिन्ह आपल्याजवळही पाहता येते. जुन्या गोव्यात मांडवीच्या काठी व्हाइसरॉयच्या कमानीवर हरिण कोरलेले आहे. ते वास्को द गामाच्या घराण्याचे, कारण पोर्तुगीज भाषेत ‘गामा’ हा शब्द हरिणीला लागतो. ही कमान त्याच्याच पणतूने, तो व्हाइसरॉय असताना, उभारविली.

आता कुलकर्णी या नावाकडे वळू. हे आडनाव म्हणजे गावच्या दप्तराचा हुद्दा. देशमुख, देशपांडे, चिटणीस, फडणीस, पोतनीस ही सारी नावे कामावरून पडलेली. आणि ‘कर’ लागलेली नावे गावावरून. जितकी गावे तितकी कुळकर्णे, त्यांची गोत्रे वेगळी, कुलदैवते वेगळी, बोलीसुद्धा वेगळी. एका गावचे कुलकर्णी आणि दुसऱ्या गावचे कुलकर्णी यांचा मूळपुरुष एक मानावयास काही आधार नसताना, त्या सर्वांस एक सिंह वाटून देणे ही सरळसरळ फसवणूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि आपल्याला चिन्हांचा दुष्काळ होता काय? लग्नाआधी देवक बसते. कदमांचे देवक कळंब, मोऱ्यांचे मोराचे पीस. आणि एक देवक असलेल्यांत सोयरीक होत नाही, इतका त्या फांदीचा आणि पिसाचा अधिकार मोठा. राज्यकारभारात मुद्रा होती, ती व्यक्तीची आणि पदाची: पेशवा बदलला की शिक्का बदले, आणि त्या शिक्क्यात छत्रपतींचे नाव आधी, पेशव्याचे नंतर. पत्र संपले की मोर्तब होई. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण त्याच दप्तरातून उचलला आहे. आपल्या संस्थानिकांच्या पाश्चात्त्य धर्तीच्या ढाली अगदी अलीकडच्या. 1 जानेवारी 1877 रोजी दिल्लीत दरबार भरला, त्या प्रसंगी राजेरजवाड्यांस निशाणे देण्यात आली; त्यांवरील चिन्हे बंगालच्या मुलकी सेवेतील रॉबर्ट टेलर नावाच्या अधिकाऱ्याने योजिली होती.

परंतु या सर्वांहून मला प्रिय आहे ती महजरावरची निशाणी. ज्यांच्या भिंतीवर आज तो सिंह आहे, त्याच स्नेह्यांनी वीसएक वर्षांपूर्वी तांबड्या रुमालातून सोडून एक महजर मला दाखविला होता. वतनाचा तंटा, गोतसभेने केलेला निवाडा, बोरूने लिहिलेली दाट मोडी, आणि शेवटी साक्षीदारांची ओळ. ज्यांना लिहिता येत होते त्यांनी नावे घातली होती. पाटलाच्या नावाशी नांगर काढला होता, आणि बलुतेदारांच्या नावांशी ज्याच्या त्याच्या धंद्याचे हत्यार. नांगराची रेघ थोडी कापरी होती, जणू बोरूची सवय नसलेल्या हाताने ती ओढली असावी. शाई एका ठिकाणी साकळून कागदाच्या पाठीवर उतरली होती. त्या नांगराने एका कुटुंबाची जमीन आणि एका गावाचा शब्द बांधला होता. सनदेने मिळालेल्या कोणत्याही ढालीइतकाच तो अस्सल होता, आणि ढाल फक्त श्रीमंताला मिळे, तर नांगर, पटाशी, हातोडा गावातल्या कष्टकऱ्यालाही मिळत होते.

स्नेह्यांना मी परवा विचारले, तो रुमाल कोठे आहे? माळ्यावर असेल, म्हणाले. घराला रंग दिल्यानंतर पाहिलेला नाही.

वाचकहो, आपल्या घरी असा रुमाल असेल तर तो या आठवड्यात खाली काढा. कागद उन्हात ठेवू नका, घडीवर चिकटपट्टी लावू नका, मोडी वाचणाऱ्या जाणत्या माणसास दाखवा. सांभाळणे शक्य नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेच्या स्वाधीन करा. 1910 पासून ते मंडळ अशाच कागदांसाठी उभे आहे. आणि घरात वडीलधारे कोणी असतील तर आपले देवक कोणते, हे त्यांना आजच विचारून लिहून ठेवा.