यंत्रांच्या राज्यांत : एकाच वाफेची दुहेरी चाकरी

मुंबईहून पुण्यास येतांना कर्जत स्टेशनांत अनेक गाड्यांस मागून जादा इंजिनें जोडतात, हें आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलेंच असेल. बोरघाटाचा चढ जेथें कडक आहे तेथें सदतीस फुटांस एक फूट इतका आहे. इ. स. १८६३ सालीं हा मार्ग खुला झाला, तेव्हांपासून गाडी घाटावर चढविणें हा रेल्वेच्या कारभारांतील एक स्वतंत्र प्रश्नच आहे. आपल्याकडे तो १९३० च्या सुमारास विजेनें सोडविला. परंतु युरोप व अमेरिकेंतील डोंगरी रेल्वेंनीं वाफेच्याच बळावर जी एक युक्ति योजिली, तिचा परिचय या महिन्यांत करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम अडचण कोणती तें पाहूं. इंजिन गाडी ओढतें तें चाक व रूळ यांमधील घर्षणाच्या जोरावर. चाकांवर भार पुरेसा नसेल तर तीं जागच्या जागीं फिरतात आणि गाडी हालत नाहीं. बरें, भार वाढवावा तर एका आंसाचें किती ओझें सोसावयाचें यास रुळांची व पुलांची मर्यादा असते. म्हणून आंस वाढवावे लागतात. पण आठ-दहा चाकांच्या जोड्या एकाच ताठ सांगाड्यांत बसविल्या, तर जुन्या वाड्याच्या बोळांतून लांब बांबू घेऊन वळूं पाहणाऱ्या मनुष्याची जी गत होते, तीच घाटाच्या वळणावर त्या इंजिनाची होते. चढ आणि वळण यांची तर डोंगरांत नेहमींच सोबत!

ही गांठ आनातोल मॅलेट यानें सोडविली. हा १८३७ सालीं स्वित्झर्लंडांत जन्मला व पुढें फ्रान्समध्यें इंजिनिअर म्हणून नांवारूपास आला. त्यानें १८८४ सालीं आपल्या योजनेचें पेटंट घेतलें. बॉयलर एकच, परंतु त्याखालीं चाकांचे सांगाडे दोन. मागला सांगाडा बॉयलरास पक्का जखडलेला. पुढला मागल्यास बिजागरीनें जोडलेला. वळण आलें म्हणजे पुढला सांगाडा रुळाबरोबर वळतो आणि बॉयलरचें पुढचें टोंक त्यावर आडवें सरकतें.

दुसरी युक्ति वाफेच्या काटकसरीची. ती आमच्या गृहिणींस सांगावी लागणार नाहीं. चुलीवर भात शिजत असतां तिचीच आंच वैलावर जाते व तेथें आमटी कढते. जळण एकच, कामें दोन. मॅलेटच्या इंजिनांत बॉयलरमधील कडक वाफ प्रथम मागल्या सांगाड्याच्या लहान सिलिंडरांत जाते. तेथें दट्ट्या ढकलून तिचा दाब उतरला, तरी जोर संपलेला नसतो. तीच वाफ मग पुढल्या सांगाड्याच्या सिलिंडरांत नेतात. ती आतां फुगलेली व नरम असल्यामुळें हे सिलिंडर पुष्कळ मोठे करावे लागतात. यांत आणखी एक शहाणपण आहे. हालणाऱ्या सांध्यांतून कडक वाफ नेली तर ती गळावयाची. येथें त्या सांध्यांच्या वांट्यास नरम वाफच येते. मात्र गाडी सुरू करतांना मोठ्या सिलिंडरांस थोडी ताजी वाफ देण्याची सोय ठेवावी लागते.

आरंभीं हीं इंजिनें अगदीं चिमुकलीं होतीं. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनांत देकोव्हील कंपनीच्या अरुंद रुळांवर तीं प्रेक्षकांस हिंडवीत असत. पुढल्याच वर्षीं आल्प्स पर्वतांतील गोटहार्ड रेल्वेनें मोठें मॅलेट घेतलें. अमेरिकेंत बॉल्टिमोर अँड ओहायो रेल्वेनें १९०४ सालीं सुमारें दीडशें टनांचें इंजिन आणविलें व पेनसिल्व्हेनियांतील सँड पॅच चढावर गाड्या रेटण्यास लाविलें. १९१८ सालीं व्हर्जिनियन रेल्वेनें कोळशाच्या गाड्यांसाठीं दहा इंजिनें घेतलीं. त्यांच्या पुढल्या सिलिंडरांचा व्यास चार फूट होता!

परंतु यंत्राची थोरवी सांगतांना तें चालविणाऱ्यांस विसरून चालणार नाहीं. कॅलिफोर्नियांतील सिएरा नेव्हाडा पर्वतांत बर्फ रुळांवर पडूं नये म्हणून सर्दन पॅसिफिक रेल्वेनें मैलोगणती लाकडी छपरें बांधिलीं होतीं. १९०९ सालीं तेथें मॅलेट इंजिनें आलीं. त्यांनीं ओझें ओढलें. पण छपरांत व बोगद्यांत धूर आणि वाफ कोंडून मागें बसलेले ड्रायव्हर व फायरमन गुदमरूं लागले. गाडी चढे, परंतु माणसाचा जीव धोक्यांत येई. उपाय असा निघाला कीं इंजिनच उलटें फिरवावें : माणसांची खोली सर्वांत पुढें, धुरांडें तिच्या मागें. त्या इंजिनांत कोळशाऐवजीं तेल जाळीत व तें नळानें पुढपर्यंत नेतां येई, म्हणूनच हें साधलें. १९१० पासून १९४४ पर्यंत अशीं एकंदर २५६ इंजिनें तयार झालीं.

मॅलेटचें उणें म्हणजे वेग. मोठ्या दट्ट्यांची जड हालचाल व नरम वाफेचा मंद प्रवाह यांमुळें वेगानें धांवणें त्यास मानवेना. म्हणून १९२४ नंतर अनेक अमेरिकन कंपन्यांनीं बिजागरी ठेविली, पण चारही सिलिंडरांस कडक वाफ देण्यास आरंभ केला. नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेनें मात्र दुहेरी वाफेची परंपरा सोडली नाहीं. रोआनोक येथील आपल्या कारखान्यांत ती १९५२ पर्यंत अशीं इंजिनें बांधीत होती. पुढें डिझेलनें त्यांचाही निकाल लाविला. तरी १९४९ सालचें १३०९ क्रमांकाचें एक मॅलेट मेरिलँडच्या डोंगरांत २०२१ च्या अखेरीस पुन्हां उतारू ओढूं लागलें.

आम्हांस यांतून एक गोष्ट विशेष वाटते. वाफेचा थेंबही वायां जाऊं नये हा मॅलेटचा कटाक्ष स्तुत्य खराच; परंतु आंतील दोन माणसांच्या श्वासाचा हिशेब मांडल्यावांचून ती काटकसर पुरी झाली नाहीं. घरांत काय किंवा कारखान्यांत काय, बचत करतांना ती कोणाच्या जिवावर होत आहे हें आधीं पाहावें.