रीडिंग म्हणजे काय हो, भाऊ?



संविधान दिन जवळ आला की आमच्या विहारात मुलामुलींचा निबंधाचा वर्ग भरतो. वाशीम जिल्ह्यातली आमची वस्ती मजुरांची, त्यामुळे आया शेतातून आल्या की त्याही मागे येऊन टेकतात. यंदा नववीतल्या एका मुलीने लिहिले, "घटना समितीने राज्यघटना तीन वेळा वाचली आणि मग मंजूर केली." पोरे हसली. पण चूक तिची नव्हती. 'तिसरे वाचन' हे शब्द तिने पुस्तकातच पाहिले होते. इंग्रजीतल्या 'रीडिंग'चे आपण सरळ 'वाचन' केले आणि मोकळे झालो.

इंग्लंडच्या पार्लमेंटात छापील प्रती मिळत नव्हत्या, त्या काळी विधेयक सभागृहात मोठ्याने वाचून दाखवीत. वाचणारा असे क्लार्क. (आम्हाला आमच्या टेबलाचा जरा अभिमान वाटला, खोटे कशाला बोला!) पुढे ते वाचून दाखवणे गेले, शब्द तेवढा राहिला. आता रीडिंग म्हणजे विधेयकावरच्या विचाराचा एक टप्पा.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडला आणि त्यावर सर्वसाधारण चर्चा झाली, ते पहिले वाचन. दुसरे १५ नोव्हेंबरला सुरू झाले ते १७ ऑक्टोबर १९४९ पर्यंत चालले. अकरा महिने! एकेक कलम घ्यायचे, त्यावरच्या दुरुस्त्या ऐकायच्या, उत्तरे द्यायची. दुरुस्त्या आल्या होत्या ७,६३५, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. प्रकृती बरी नसताना बाबासाहेबांनी हे काम रेटले. नुसते वाचायचे असते तर चार दिवस पुरले असते. तिसरे वाचन १४ नोव्हेंबरला सुरू झाले आणि २६ तारखेला घटना स्वीकारली गेली. २५ नोव्हेंबरचे त्यांचे गाजलेले भाषण याच वाचनातले.

मग वर्गाला शब्दाचा नादच लागला. बाबासाहेब १९१६ साली लंडनच्या ग्रेज इनमध्ये दाखल झाले, त्याला इंग्रज 'कायदा रीड करणे' म्हणतो, म्हणजे शिकणे. थर्मामीटरचा आकडा रीडिंग, अभ्यासिका ती रीडिंग रूम. कॉलेजात पूर्वी 'रीडर' नावाचे पद होते, त्यांचे काम शिकवण्याचे. वाचतो ते 'रीड' आणि वाचले ते 'रेड', पण स्पेलिंग एकच. एका पोराने तर कपाळाला हात लावला.

तेवढ्यात मागून एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, रीडिंग म्हंजे मीटरचंच ना? मंग माह्या घरी कोनी पाहाले येतच नाही, अन् बिल कसं येते?"

वर्ग तिथेच थांबला. आम्ही बिल मागवले. चालू रीडिंगच्या रकान्यात आकडाच नव्हता, रीडिंग घेता आले नाही अशा अर्थाचा इंग्रजी शेरा होता आणि सरासरीने युनिट लावलेले. मावशी सोयाबीन सोंगायला जात, घराला कुलूप, मीटर आत. दोन बल्ब आणि एक पंखा असलेल्या घराचे बिल त्यांनी तीन महिने मुकाट्याने भरले होते, कारण इंग्रजीत लिहिले म्हणजे खरेच असणार! या समजुतीने आपल्या किती घरांतून पैसा जातो, कोण मोजणार?

निबंधवाल्या त्याच मुलीला आम्ही मावशींच्या घरी पाठवले. तिने मीटरवरचा आकडा उतरवून आणला. चालू आकड्यातून मागचा वजा केला की वापरलेले युनिट, एवढे गणित तिसरीतल्या पोरालाही येते. मीटरचा फोटो जोडून अर्ज लिहिला, मावशींनी सही केली. दुसऱ्या दिवशी अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, कारण शिक्क्याशिवाय अर्ज दिला हे सिद्ध करायचे कसे?

उत्तर अजून आलेले नाही. पण मावशींच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आता दर महिन्याच्या एक तारखेला पेन्सिलीने आकडा लिहिलेला असतो. शेजारच्या चार घरांनीही सुरू केले आहे.