भट्टीविना वीट

जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या नॉयवीड खोऱ्यात जमिनीखाली प्यूमिसचा थर आहे. सुमारे १३,००० वर्षांपूर्वी लाखर झे ज्वालामुखीने उधळलेला हा फेसाळ दगड इतका सच्छिद्र की पाण्यावर तरंगतो. फर्डिनांड नेबेल या बांधकाम अधिकाऱ्याने १८४५ मध्ये त्यात कालवलेला चुना मिसळला, साच्यातून विटा काढल्या आणि उघड्यावर वाळवल्या. ना भट्टी, ना कोळसा. त्या विटेवर पुढे त्या भागात मोठा उद्योग उभा राहिला.

प्यूमिससारखी ज्वालामुखीची काच आणि चुना ओलाव्यात एकमेकांना धरतात, हे रोमन गवंड्यांना ठाऊक होते. रोममधल्या पँथिऑन मंदिराचा ४३ मीटर व्यासाचा घुमट वर जाताना हलका होत जातो, कारण माथ्याच्या काँक्रीटमध्ये त्यांनी प्यूमिस घातला.

आज चुन्याच्या जागी सिमेंट किंवा सोडियम सिलिकेट व कॉस्टिक सोड्याचे द्रावण येते. अॅल्युमिनियमची पूड टाकली तर मिश्रणातल्या अल्कलीशी तिची क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि मिश्रण पिठासारखे फुगते. पर्लाइटची गंमत वेगळी: या ज्वालामुखी काचेत २ ते ५ टक्के पाणी अडकलेले असते, सुमारे ८७० अंश सेल्सिअसला त्याची वाफ होते आणि दाणा लाहीसारखा अनेक पट फुलतो. फुललेला दाणा मात्र नाजूक. मिक्सर जास्त वेळ फिरला की त्याचा चुरा होतो, आणि वीट पुन्हा जड होते.

खरी गफलत पाण्यात होते. कोरडा प्यूमिस मिश्रणातले पाणी पिऊन टाकतो आणि सिमेंट उपाशी राहते, म्हणून तो आधी भिजवून घ्यावाच लागतो. उलट, न वाळलेले ठोकळे भिंतीत गेले की आकसतात आणि प्लास्टरला भेगा पडतात. रसायन कितीही महागडे असो, हा दोष ते झाकत नाही.

सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, पण आपला काळा बेसाल्ट जड. म्हणून प्यूमिस दुरून आणवण्यापेक्षा नेबेलची रीत आणावी, असे आमचे मत आहे. त्याने पायाखालचा माल घेतला. आपल्याकडे तसा माल म्हणजे औष्णिक वीजकेंद्रांची राख.

आणि कोणताही हलका ठोकळा घेताना ठेकेदारांनी फक्त वजन पाहू नये. नमुना वाळवून तोलावा, २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा तोलावा, तो किती पाणी पितो ते पाहावे, आणि मगच ऑर्डर द्यावी.