दाता कोण आणि प्रश्न कोणाचा?



वाशीम जिल्ह्यातील रिसोड, मालेगाव, मानोरा, मंगरूळपीर ह्या तालुक्यांत ज्या घरांचा उंबरठा एका पिढीपूर्वी शाळेच्या पाटीने क्वचितच ओलांडला होता, त्या घरांतील मुलेमुली आज अमरावती विद्यापीठात पीएच्.डी.साठी नावे नोंदवीत आहेत. मुलीला प्रकल्प मिळाला, दरमहा काही रक्कम येणार, एवढी वार्ता आईबापांच्या कानी पडते आणि घरात आनंदीआनंद होतो. तो आनंद सर्वस्वी रास्त आहे. परंतु ही रक्कम कोणाच्या तिजोरीतून निघाली, ती कोणत्या अटीवर आली आणि तिच्या बळावर कोणाच्या प्रश्नाचे उत्तर शोधले जाणार आहे, ही विचारपूस आपल्या घरांत सहसा होत नाही. ती करणे म्हणजे कृतघ्नपणा, अशी भीती मनात असते. देणाऱ्यापुढे मान खाली घालण्याची सवय आपल्याला शतकानुशतके लावण्यात आली. धम्माचा स्वीकार करताना ती आपण टाकून दिली खरी, पण विद्यापीठाच्या पायरीवर ती पुन्हा येऊन गाठते. म्हणून ह्या विषयावर आज चार शब्द स्पष्टपणे लिहावे असे आम्हांस वाटले.

दान आणि विद्या ह्यांचा संबंध वाशीमच्या मातीला नवा नाही. हे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा राजा हरिषेण ह्याचा मंत्री वराहदेव ह्याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून भिक्षुसंघाला अर्पण केले. दात्याचे नाव आणि त्याच्या राजाची वंशावळ तेथील भिंतीवर आजही आहे. मात्र आत राहणाऱ्या भिक्षूंचे जीवन विनयाच्या नियमांनी चालत होते, मंत्र्याच्या हुकमाने नव्हे. दात्याला भिंत मिळाली, विहाराचा कारभार मिळाला नाही.

आजच्या विद्यापीठाचा व्यवहार इतका सरळ राहिलेला नाही. सामान्य माणसाची समजूत अशी असते की, विद्यापीठ ही सरकारी संस्था, तेव्हा तेथील संशोधनाचा खर्चही विद्यापीठच करीत असणार. वस्तुस्थिती वेगळी आहे. प्राध्यापकांचे वेतन आणि इमारतींची देखभाल ह्यांचा मार्ग एक, संशोधनाच्या पैशाचा मार्ग दुसरा. हा दुसरा पैसा बव्हंशी बाहेरून येतो. कधी विद्यापीठ अनुदान आयोग देतो, कधी १९६९ साली स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, कधी केंद्राचे विज्ञान व तंत्रज्ञान खाते, शेतीच्या बाबतीत भारतीय कृषी अनुसंधान परिषद, आणि अलीकडे वाढत्या प्रमाणावर खाजगी कंपन्या व परदेशी संस्था. प्राध्यापक प्रस्ताव लिहितो, देणारी संस्था तो तपासते, रक्कम हप्त्याहप्त्याने येते, आणि मागल्या हप्त्याचे विनियोग प्रमाणपत्र पोचल्याशिवाय पुढला हप्ता सुटत नाही. (ह्या एका कागदाच्या फेऱ्यांत कित्येक संशोधकांची उमेदीची वर्षे झिजली आहेत.) प्रकल्पावर नेमलेला सहायक हा विद्यापीठाचा नोकर नसतो. प्रकल्प संपला की त्याची भाकरीही संपते. आपल्या मुलांना बहुधा हीच जागा प्रथम मिळते, तेव्हा ही गोष्ट आईबापांनी आरंभीच जाणून असावी.

सरकारचे धोरणही आता बाहेरच्या पैशाकडे झुकले आहे. २०२३ साली संसदेने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा केला. पाच वर्षांत संशोधनासाठी ५०,००० कोटी रुपये उभे करावयाचे असा त्या वेळी संकल्प जाहीर झाला, आणि त्यांपैकी ३६,००० कोटी सरकारी तिजोरीबाहेरून, म्हणजे उद्योगपती आणि दानशूर मंडळींकडून, यावेत अशी अपेक्षा ठेवण्यात आली. शंभर रुपयांतले बहात्तर! उद्योगपतीने संशोधनाला पैसा देणे हे पाप आहे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण जो पैसा देतो तो प्रश्नही आपल्या गरजेचा घेऊन येतो, हा व्यवहार आहे, आणि त्याचे फळ कोणाच्या पदरात पडते हे आपल्या शेतमजूर कुटुंबांनी फार जवळून पाहिले आहे.

कीटकनाशकाचेच उदाहरण घ्या. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे कोणतेही औषध बाजारात आणण्यापूर्वी त्याची नोंदणी करावी लागते, आणि नोंदणीसाठी चाचण्यांची माहिती सादर करावी लागते. कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर अशा चाचण्या शुल्क घेऊन केल्या जातात, आणि ते शुल्क औषधाचा निर्माता भरतो. त्याचा प्रश्न उघड आहे : अमुक मात्रेत कीड मरते की नाही? शास्त्रज्ञ प्रामाणिकपणे मोजणी करून उत्तर देतो. माणसाला होणाऱ्या अपायाची माहितीही कायदा मागतो, नाही असे नाही, पण तीही निर्मात्याच्याच खर्चाने तयार होते. आता वऱ्हाडातले शेत डोळ्यांपुढे आणा. पाठीवर पंप, तोंडाला साधे फडके, डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी, सुटलेला वारा, आणि बाटलीवरची बारीक अक्षरातली सूचना वाचण्यास ना वेळ ना चष्मा. अशा स्थितीत दिवसभर फवारणी करणाऱ्या मजुराच्या अंगात काय भिनते, हा प्रश्न विचारण्यासाठी पैसे कोण मोजणार? २०१७ च्या हंगामात मानोऱ्याच्या शिवेपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर चौकश्या झाल्या, अहवाल आले, हातमोजे आणि मुखवटे वाटण्यात आले. परंतु तो प्रश्न माणसे मेल्यावर विचारला गेला. कोणा शास्त्रज्ञाने खोटे लिहिले असा आमचा आरोप नाही. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर खरेच होते, पण मजुराचा प्रश्न विचारणारा दाता कोणी नव्हता.

ह्यावर कोणी म्हणेल, मग बाहेरचा पैसा घेऊच नये काय? परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र ज्याने वाचले आहे तो असे म्हणणार नाही. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड ह्यांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या शिष्यवृत्तीला अट होती : परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी. ती अट त्यांनी डोळे उघडे ठेवून मान्य केली, आणि १९१७ साली ती पाळण्यासाठी ते बडोद्यास गेलेही. तेथे त्यांना राहावयास जागा मिळू नये, कचेरीतल्या शिपायाने कागद दुरून फेकावेत, हा करारभंग कोणी केला ते इतिहास जाणतो. पण ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, अट नोकरीची होती, विचारांची नव्हती. त्याच शिष्यवृत्तीच्या काळात, मे १९१६ मध्ये, कोलंबियातील एका चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांनी तो सयाजीरावांनाच अर्पण केला. कृतज्ञता आणि स्वातंत्र्य एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, ती अशी.

पुढे १९२० साली ते लंडनला परतले ते स्वतः साठविलेली रक्कम, शाहू महाराजांचे साह्य आणि मित्र नवल भथेना ह्यांच्याकडून घेतलेले कर्ज ह्यांच्या आधारावर. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधाने इंग्रज सरकारच्या चलननीतीवरच बोट ठेवले. परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत केला, पण बाबासाहेबांनी आपले निष्कर्ष सोडले नाहीत आणि १९२३ साली पदवी मिळविली. त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन ह्यांना त्यांची बरीच मते मान्य नव्हती. तरीही त्यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि तीत आपला मतभेद मोकळेपणे नोंदविला. असे मार्गदर्शक आजच्या मुलांना लाभोत.

आता सरकार नावाच्या दात्याकडे वळू. हा दाता इतरांहून वेगळा, कारण त्याची तिजोरी आपल्याच करांची आहे आणि त्याच्याकडून जे मिळते तो उपकार नसून हक्क आहे. पण अटी घालण्यात तोही मागे राहिलेला नाही. आपल्यापैकी ज्यांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे त्यांना कदाचित ठाऊक नसेल की, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षे केंद्राच्या लेखी बौद्ध झालेला मनुष्य अनुसूचित जातीचा राहत नव्हता. महाराष्ट्राने १९६० साली आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना लागू केल्या, परंतु केंद्राचे दार १९९० च्या कायद्यापर्यंत बंद होते. धम्म की शिष्यवृत्ती, असा प्रश्न त्या पिढीच्या तरुणांपुढे दाखल्याच्या एका रकान्याने उभा केला होता. ज्यांनी त्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले त्यांनी त्याची किंमत मोजली.

ते दार उघडले, तरी दारातला पहारेकरी अधूनमधून नवा हुकूम काढतो. परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकार जी राष्ट्रीय शिष्यवृत्ती देते, तिच्या २०२२-२३ च्या नियमावलीत एक नवी ओळ आली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास, तसेच भारताविषयीचे सामाजिक अभ्यास ह्या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही! हे विषय देशातच शिकता येतात, असे समर्थन करण्यात आले. थोडा विचार करा. १९१६ सालचा तो जातींवरचा निबंध लिहू पाहणारी वाशीमची मुलगी त्या नियमाने अपात्र ठरली असती. संस्थानिकाने जी अट घातली नाही, ती प्रजासत्ताकाने घातली.

राज्यातही चित्र फारसे सुखद नव्हते. पुण्याच्या बार्टी संस्थेतर्फे अनुसूचित जातींच्या संशोधकांना बाबासाहेबांच्या नावाची अधिछात्रवृत्ती मिळते. एका तुकडीत ८६१ विद्यार्थी पुढे आले असता जागा मात्र २०० च होत्या. त्या मुलामुलींना २०२३ साली मुंबईच्या आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसावे लागले, तेव्हा कोठे सर्वांना ती देण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, २४ तारखेस, अधिछात्रवृत्तीसाठी जी चाळणी परीक्षा झाली तिची प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेट परीक्षेचीच निघाली. आणि त्याच महिन्यात राज्याच्या तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत विचारले की, ही मुले पीएच्.डी. करून काय दिवे लावणार आहेत. दिवे लावण्यासाठी तेल वेळेवर मिळावे लागते, एवढेच उत्तर आम्ही देतो.

आणखी एक बाजू राहिली. आपली मुले संशोधन करू लागली हे नवे आहे. आपल्यावर संशोधन होणे मात्र फार जुने आहे. २०१८ साली वाशीमचा समावेश देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाला, आणि मागासलेपण मोजणाऱ्यांची वर्दळ वाढली. वस्तीत कोणी तरुण प्रश्नावली घेऊन येतो, घरात माणसे किती, शौचालय आहे काय, कर्ज किती, असे विचारतो, अंगठा किंवा सही घेतो आणि निघून जातो. त्याचा अहवाल कोठे छापला गेला, हे वस्तीला कधीच कळत नाही. बंधुभगिनींनो, त्याला पाणी द्या, चहा द्या, पण उत्तर देण्यापूर्वी त्यास विचारा : बाळ, हे काम कोणाच्या पैशाने चालले आहे, माझे नाव कोठे जाणार आहे, आणि तयार झालेला अहवाल आमच्या विहारात केव्हा वाचून दाखवशील? नकार देण्याचाही हक्क तुम्हांस आहे. हेच प्रश्न आपल्या मुलीने प्रकल्पाच्या कागदावर सही करण्यापूर्वी विचारावेत. निष्कर्ष देणाऱ्याच्या विरुद्ध गेला तर तो छापता येईल काय, हे तिने आधी लेखी करून घ्यावे. बहुतेक करारांत त्याविषयी एक कलम असते, आणि ते शेवटच्या पानावर असते.

काही प्रश्न मात्र असे आहेत की त्यांना कोणीच दाता मिळणार नाही. गायरानाचा प्रश्न घ्या. भूमिहीन अनुसूचित जातींच्या कुटुंबांनी १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरानावर कसलेली जमीन त्यांच्या नावे नियमानुकूल करावी, असा शासननिर्णय नोव्हेंबर १९९१ मध्ये निघाला. २०२२ च्या अखेरीस अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा राज्यभर निघाल्या तेव्हा, ज्यांच्यापाशी कागद होता आणि ज्यांच्यापाशी नव्हता, त्यांच्यातला फरक एका रात्रीत उघडा पडला. आपल्या जिल्ह्याच्या सहा तालुक्यांत त्या शासननिर्णयाचा लाभ खरोखर किती घरांना मिळाला, कोणत्या गावी अर्ज केव्हा दिले गेले आणि ते कोणत्या टेबलावर पडून राहिले, हे गावोगाव जाऊन लिहून काढणे हे एका विद्यार्थ्याचे दोन वर्षांचे काम आहे. त्यास कोट्यवधी रुपये लागत नाहीत. एस.टी.चे भाडे, सातबारा व फेरफाराच्या नकलांचे शुल्क, माहितीच्या अधिकाराचे अर्ज, दोन वह्या आणि मुक्कामाला एखाद्या घरची भाकर एवढ्यावर ते होते.

आमची सूचना अशी आहे की, वाशीम, कारंजा आणि रिसोड येथील विहारांच्या समित्यांनी येत्या वर्षावासात एकत्र बसावे आणि अशा एका विद्यार्थ्याचा किंवा विद्यार्थिनीचा खर्च वर्गणीतून उचलावा. विषयाची निवड व निष्कर्ष ह्यांत समितीने हात घालू नये, मग तो निष्कर्ष आपल्यापैकीच एखाद्या पुढाऱ्याला अप्रिय का असेना. अट एकच असावी : लिहून झाल्यावर ते प्रथम विहारात, ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यासमोर, मोठ्याने वाचून दाखवावे. ज्या समित्यांना हे मान्य असेल त्यांनी आम्हांस कळवावे. पहिली वर्गणी ह्या पाक्षिकाची राहील.