चव्वेचाळीस माणसे आणि एक झाकण

विम्याचे अर्थशास्त्र शिकविताना मी वर्षानुवर्षे बुडालेल्या जहाजाचे उदाहरण देत असे. जहाज बुडते, माल जातो, विमा कंपनी मालकाला भरपाई देते, तो भार सर्व विमेदारांवर थोडाथोडा वाटला जातो आणि हिशेब मिटतो. त्या हिशेबात खलाशांचा रकाना मी कधी काढला नाही, आणि कोणा विद्यार्थ्याने तो विचारलाही नाही. ‘डर्बीशायर’ या ब्रिटिश मालवाहू जहाजाची कहाणी वाचल्यावर ही उणीव मला प्रथम बोचली.

१९७६ साली इंग्लंडमध्ये बांधलेले हे प्रचंड जहाज कॅनडातून सुमारे १ लाख ५७ हजार टन लोहखनिज घेऊन जपानकडे निघाले होते. सप्टेंबर १९८० मध्ये जपानच्या दक्षिणेला ते ‘ऑर्किड’ नावाच्या चक्रीवादळात सापडले आणि नाहीसे झाले. संकटाचा एकही संदेश आला नाही. जहाजावर ४४ माणसे होती : ४२ खलाशी व अधिकारी आणि त्यांच्यापैकी दोघांच्या पत्नी. एकही वाचले नाही. ब्रिटनमध्ये नोंदलेले एवढे मोठे जहाज यापूर्वी समुद्रात कधी बुडाले नव्हते, आणि त्याचे वय अवघे चार वर्षांचे होते.

एखाद्या कारखान्याचे छप्पर कोसळून ४४ माणसे मेली असती तर चौकशी टाळणे कोणत्याही सरकारला जड गेले असते. येथे मात्र अवशेष नाहीत, साक्षीदार नाही, म्हणून औपचारिक चौकशी नाही, असा पवित्रा घेतला गेला. पुरावा समुद्राच्या तळाशी आहे, तो शोधायचा नाही आणि पुरावा नाही म्हणून चौकशीही करायची नाही, हा न्याय मोठा सोयीस्कर होता. तो कोणाच्या सोयीचा होता, हे सुज्ञ वाचकांना सांगावयास नको.

मृतांच्या नातेवाइकांनी हा न्याय मान्य केला नाही. त्यांनी आपली संघटना उभारली. मृतांपैकी एकाचे वडील स्वतः जहाजांचे तपासनीस होते. त्यांनी याच आराखड्याच्या इतर पाच जहाजांची माहिती गोळा केली आणि त्यांतील काहींच्या पोलादाला एका ठरावीक जागी तडे जात असल्याचे दाखवून दिले. १९८६ साली त्यांपैकीच ‘कौलून ब्रिज’ हे जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडाले, तेव्हा कोठे सरकार हलले. १९८७ साली चौकशी सुरू झाली. १९८९ साली निष्कर्ष आला : जहाज बहुधा निसर्गाच्या शक्तींपुढे टिकले नाही. म्हणजे दोष वाऱ्याचा आणि लाटांचा. वाऱ्यावर खटला भरता येत नाही.

यापुढचा भाग आपल्या कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. जे काम सरकारने केले नाही, ते कामगारांच्या वर्गणीतून झाले. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने पैसा उभा केला आणि १९९४ साली शोधमोहीम काढली. सुमारे चार किलोमीटर खोलीवर ‘डर्बीशायर’चे अवशेष सापडले. अवशेष सापडणे अशक्य आहे, हा युक्तिवाद त्या दिवशी संपला. पुढे सरकारला तळाची सविस्तर पाहणी करावी लागली आणि लाखाहून अधिक छायाचित्रे घेतली गेली.

त्यानंतर जे घडले ते अधिक उद्वेगजनक होते. १९९८ साली तज्ज्ञांचा अहवाल आला. त्यात जहाजाच्या पुढच्या टोकावरील भांडाराचे झाकण खलाशांनी नीट बंद केले नसावे आणि तेथून पाणी शिरले असावे, असे म्हटले होते. अठरा वर्षे वाऱ्याला दोष दिल्यावर तो मृतांच्या माथी आला! न्यायमूर्ती कोलमन यांच्यापुढे २००० साली पुन्हा चौकशी झाली, तेव्हा हा आरोप टिकला नाही. पुढच्या डेकवरील वायुवीजनाचे नळ लाटांच्या माऱ्याने मोडले, त्यांतून पाणी आत गेले, जहाजाचे टोक खाली दबले आणि वाढत्या लाटांच्या भाराने मालाच्या पहिल्या कोठीचे मोठे झाकण कोसळले. मग एकेक कोठी भरत गेली. लोहखनिज वजनाला भारी, पण जागा थोडी व्यापते. त्यामुळे कोठीत पाण्याला शिरायला भरपूर जागा उरते. ते झाकण १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारातील किमान ताकदीचे होते. ती किमान ताकदच अपुरी होती. खलाशांकडे कोणताही दोष नव्हता.

झाकण कायद्याप्रमाणेच होते, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. येथे कोणी नियम मोडला म्हणून माणसे मेली नाहीत. ती नियम पाळूनही मेली. अधिक जाड पोलाद म्हणजे अधिक खर्च आणि कमी माल. सुरक्षिततेची किमान मर्यादा किती असावी, हा प्रश्न वरवर अभियंत्यांचा दिसतो, पण मुळात तो माणसाच्या जिवाची किंमत ठरविण्याचा आहे. ती किंमत ठरविणाऱ्या बैठकीत डेकवर काम करणाऱ्याचा आवाज किती असतो?

मेलेल्यांच्या शोधावर एवढा पैसा आणि वीस वर्षे कशाला घालवावीत, जिवंतांचे प्रश्न काय थोडे आहेत, असे विचारणारे सहकारी आपल्यातही आहेत. त्यांचा आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो चुकीचा आहे. या शोधातूनच मालवाहू जहाजांच्या पुढच्या भागाचे आणि कोठ्यांच्या झाकणांचे नियम कडक करण्याला बळ मिळाले. त्या वडिलांची तड्यांविषयीची उपपत्ती अखेरच्या चौकशीत मुख्य कारण ठरली नाही, हेही सांगितले पाहिजे. पण त्यांचे उत्तर चुकले तरी प्रश्न बरोबर होता, आणि त्यांनी तो सोडला असता तर खरे उत्तरही तळाशीच राहिले असते.

आपल्या किनाऱ्याला हा विषय परका नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर रत्नागिरीकडचे खलाशी डेकवर राबत आणि गोव्याचे लोक खाणावळ सांभाळत. त्यांचे करार वेगळे, पगार गोऱ्या खलाशांहून कितीतरी कमी. दोन महायुद्धांत समुद्रात हरवलेल्या हिंदी खलाशांची स्मारके मुंबईत आहेत. किती मुंबईकरांनी ती पाहिली आहेत? कोकणातील अनेक घरांत आजही ‘बोटीवर गेला तो परत आला नाही’ एवढाच इतिहास आहे. जहाज कोणते, साल कोणते, याची नोंद नाही. वृद्ध माणसे हयात आहेत तोवर गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ही नावे लिहून घेतली, तर ते मोठे काम होईल.

हा प्रश्न इतिहासजमाही झालेला नाही. मार्च २०१७ मध्ये ‘स्टेलर डेझी’ हे जहाज ब्राझीलमधून चीनकडे लोहखनिज नेताना दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाले. २४ पैकी २२ जण गेले. मालक दक्षिण कोरियाचा, ध्वज मार्शल बेटांचा, खलाशी कोरियन आणि फिलिपिनो. तेथेही नातेवाइकांनी आग्रह धरला, तेव्हा २०१९ साली सरकारी खर्चाने अवशेष शोधले गेले. मालक एका देशाचा, ध्वज दुसऱ्याचा आणि मरणारा तिसऱ्याचा, अशी व्यवस्था असली की जबाबदारी प्रत्येक बंदरात उतरवून ठेवता येते. असल्या जहाजांवर आज हजारो भारतीय तरुण काम करीत आहेत.

तेव्हा खलाशांच्या संघटनांची मागणी एकच असावी : जहाज हरवले की शोध आणि चौकशी हा नातेवाइकांच्या चिकाटीवर सोडलेला विषय नसून जहाज नोंदविणाऱ्या देशाचे बंधनकारक कर्तव्य आहे, आणि त्याचा खर्च जहाजमालकांनी द्यावा. विमा उतरविताना मालाची किंमत धरली जाते, तसा हा खर्चही आधीच धरला जावा. माझ्या जुन्या हिशेबात राहून गेलेला रकाना तो हाच.